दिसायला एक, साठवणीत तीन : कळफलक आणि अक्षरचिन्हांचा आढावा

बीडच्या तहसील कार्यालयाच्या परिसरात एखादा अर्ज टाइप करून घ्यायचा झाला, तर तो कोण टाइप करतो यावर बरंच काही ठरतं. पन्नाशीतला टंकलेखक असेल तर त्याची बोटं रेमिंग्टन टंकयंत्राच्या सवयीनं चालतात. सेवा केंद्रातला तरुण असेल तर तो इंग्रजी स्पेलिंग टाइप करतो आणि समोर आलेल्या पर्यायांतून मराठी शब्द उचलतो. इन्स्क्रिप्ट ही सरकारी मांडणी शिकलेली एखादी लिपिक तिसऱ्याच कळा दाबते. तिघांच्या कागदावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द सारखाच उमटतो. कागद वाचणाऱ्याला त्यात फरक दिसायचं कारण नाही. संगणकाला मात्र तो दिसतो, कारण तिघांच्या फाइलीत हा शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत साठलेला असू शकतो. एकाचा शब्द शोधला तर दुसऱ्याचा सापडेलच, याची खात्री नाही.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. मूळ अक्षराला वर, खाली किंवा बाजूला चिकटणारी चिन्हं ज्या ज्या भाषांत आहेत, त्या सगळ्यांना यंत्रानं कधी ना कधी छळलं आहे. फ्रेंच, जर्मन, पोलिश, व्हिएतनामी या भाषांनी त्यावर आपापले तोडगे काढले. आपल्याकडची चर्चा मात्र 'कोणता कीबोर्ड सोपा' या वादापुढं फारशी गेलीच नाही. माझ्या मते कीबोर्ड कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. दाबलेल्या कळांतून शेवटी साठतं काय, इथं खरी गोम आहे.

न हलणारी कळ

टंकयंत्रावर कळ दाबली की ठसा फितीवर आपटतो, कागदावर अक्षर उठतं आणि कॅरेज एक घर सरकतं. इंग्रजीला एवढं पुरतं. फ्रेंचला पुरत नाही. तिथं 'ई'वर तिरकी रेघ, उलटी रेघ, टोपी, दोन टिंबं असं काहीही येऊ शकतं आणि टोपी तर पाचही स्वरांवर बसते. प्रत्येक जोडीला वेगळी कळ द्यायची म्हटलं तर यंत्रावर जागा नाही. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली : काही कळा अशा ठेवल्या की त्या ठसा उमटवतील, पण कॅरेज जागचं हलणार नाही. आधी टोपी मारायची, मग त्याच जागी अक्षर मारायचं. जागची न हलणारी म्हणून ती 'डेड की'.

संगणकानं ही सवय उचलली, पण तिचा अर्थ थोडा बदलला. संगणकावर डेड की दाबली की बहुधा काहीच दिसत नाही. यंत्र पुढच्या कळेची वाट पाहतं आणि दोन्ही मिळून एक अक्षर देतं. विंडोजमधल्या 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' या मांडणीत अवतरणचिन्हाची कळ अशी डेड आहे. ती दाबून मग ई दाबला की तिरकी रेघ असलेला ई येतो, आणि नुसतं अवतरणचिन्ह हवं असेल तर स्पेसबार दाबावा लागतो. ही मांडणी कुणी चुकून निवडली तर 'अवतरणचिन्हाची कळ बिघडली' अशी तक्रार येते आणि दुकानदार नवा कीबोर्ड विकूनही मोकळा होतो. बिघाड कुठंच नसतो, फक्त कळ वाट पाहत असते.

युरोपानं आणि व्हिएतनामनं काढलेल्या वाटा

चिन्ह उमटवायचे साधारण पाच मार्ग जगात रुजले. पहिला, नेहमी लागणाऱ्या अक्षराला स्वतंत्र कळ. जर्मन कीबोर्डवर दोन टिंबांचे अ, ओ, उ स्वतंत्र बसले आहेत, स्पॅनिशवर न्य आहे. दुसरा मार्ग डेड कीचा. तिसरा, स्पेसबारच्या उजवीकडची 'आल्टजीआर' कळ धरून अक्षर दाबायचं. पोलंडमध्ये टंकलेखकांची जुनी मांडणी होती आणि प्रोग्रामर मंडळींची आल्टजीआरवाली नवी. नवीच जिंकली, कारण तिच्यात नेहमीचा इंग्रजी कीबोर्ड जसाच्या तसा राहतो. चौथा मार्ग 'कंपोज' कळेचा. डीईसी कंपनीनं १९८३ मध्ये व्हीटी-२२० या टर्मिनलच्या कीबोर्डवर ती आणली. ती दाबून मग अक्षर आणि चिन्ह दाबायचं. लिनक्समध्ये ही सोय अजून आहे.

पाचवा मार्ग व्हिएतनामी 'टेलेक्स'चा, आणि आपल्याला तो सर्वांत जवळचा. व्हिएतनामीत एकाच स्वरावर कधी दोन चिन्हं येतात : एक स्वराचा प्रकार सांगणारं, दुसरं आवाजाचा चढउतार सांगणारं. टेलेक्समध्ये टोपीसाठी स्वर दोनदा दाबतात आणि चढउताराचं अक्षर स्वरानंतर, हवं तर शब्द संपल्यावरही, दाबतात. म्हणजे आधी अक्षर, मग चिन्ह. युरोपीय डेड कीच्या अगदी उलट.

इतकं होऊनही सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. फ्रेंच कीबोर्डवर लहान लिपीतला तिरक्या रेघेचा ई एका दाबात मिळतो, पण मोठ्या लिपीतला मिळवायला आडमार्ग धरावा लागे. शेवटी अफनॉर या फ्रेंच मानक संस्थेनं २०१९ मध्ये सुधारित मांडणीचं नवं मानक जाहीर केलं. कीबोर्डाचे वाद तिथंही शंभर वर्षं मिटलेले नाहीत. मिटलं ते साठवणीचं भांडण. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिनं क्रम पक्का केला : मूळ अक्षर आधी, चिन्ह नंतर. बोटं कोणत्याही क्रमानं चालोत, फाइलीतला क्रम हाच.

त्यातही एक मेख आहे. तिरक्या रेघेचा ई युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, तयार एकसंध अक्षर म्हणून किंवा साधा ई आणि त्यामागं वेगळी रेघ म्हणून. दोन्ही समान मानावेत असा नियम आहे आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायची पद्धतही ठरलेली आहे. तिला 'नॉर्मलायझेशन' म्हणतात. मराठीच्या अडचणीची किल्ली याच शब्दात आहे.

टंकयंत्रात बसवलेली नागरी

देवनागरीचं ओझं युरोपीय लिपींपेक्षा कितीतरी जड. स्वर, व्यंजनं, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं हे सगळं नव्वदेक ठशांत बसवायचं होतं. यंत्राला लिपी जुळत नाही म्हणून लिपीच बदलावी, असाही विचार झाला. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी त्याच प्रवाहातली. १९५३ च्या लखनौ परिषदेनं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडं नेण्याची शिफारस केली. लोकांनी ती स्वीकारली नाही, आणि यंत्रालाच लिपीपुढं वाकावं लागलं.

रेमिंग्टन पद्धतीच्या नागरी मांडणीत तीन युक्त्या वापरल्या गेल्या. मात्रा, उकार, अनुस्वार, रफार यांच्या कळा डेड ठेवल्या. ज्या व्यंजनांना उभा दंड आहे त्यांतल्या अनेकांचे ठसे अर्धेच ठेवले. ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण पूर्ण करायचे तर अर्धं अक्षर मारून पुढं काना मारायचा. आणि क्रम उच्चाराचा न ठेवता डोळ्यांना दिसतो तो ठेवला. ऱ्हस्व वेलांटी डावीकडं दिसते म्हणून आधी मारायची, रफार शेवटी दिसतो म्हणून नंतर. 'कर्म' लिहिताना क, म आणि मग रफार, असा हात चालतो. 'शिक्षक' लिहिताना वेलांटी, अर्धा श, काना, अर्धा क्ष, काना, क.

काटकसर किती टोकाची, याचा नमुना बीडच्याच तालुक्यांच्या नावांत सापडतो. या मांडणीत दीर्घ 'ई'ला स्वतंत्र कळ नाही. 'गेवराई' आणि 'अंबाजोगाई' यांच्या शेवटचा ई म्हणजे इ मारून त्यावर रफार. 'आष्टी'तला आ म्हणजे अ आणि काना. कागदावर हे झकास दिसतं, कारण कागदाला अक्षर ओळखायचं नसतं.

गोदरेजनं १९५५ पासून भारतात टंकयंत्रं बनवली आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं. यंत्रं गेली, पण बोटं राहिली. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट कायम आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षा दिल्या जातात. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या मुलामुलींसाठी टायपिंगचं प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोकरीच्या जाहिरातीला अर्ज करण्याची किमान पायरी. त्यामुळं रेमिंग्टनच्या सवयीला जुनाट म्हणून हिणवून चालणार नाही. तिच्यामागं हजारो हातांचा सराव आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे.

फॉन्टचा काळ

१९९० नंतर संगणक कार्यालयांत आणि छापखान्यांत शिरला तेव्हा त्याला मराठी येत नव्हती. तेव्हा एक पळवाट निघाली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले : कृतिदेव, शिवाजी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेचे आयएसएम फॉन्ट. संगणक समजत होता की आपण इंग्रजीच लिहितो आहोत, पडद्यावर मात्र मराठी दिसत होती. कृतिदेवनं रेमिंग्टनचाच क्रम ठेवल्यामुळं टंकलेखकांना नवं काही शिकावं लागलं नाही, आणि तो तुफान चालला.

याची किंमत 'बीड' या दोन अक्षरांच्या नावातही मोजता येते. कृतिदेवमध्ये ब म्हणजे लहान सी, दीर्घ वेलांटी म्हणजे एच, ड म्हणजे मोठा एम. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथं कृतिदेव नसला, की 'बीड'च्या जागी 'सी-एच-एम' अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. गूगलला तो शब्द 'बीड' म्हणून कधीच सापडत नाही. श्री-लिपीतली संकेतांची मांडणी वेगळी, शिवाजीची आणखी वेगळी. वीस-पंचवीस वर्षांचं मराठी लेखन, वृत्तपत्रांचे अंक, ग्रामपंचायतींचे ठराव, न्यायालयांतले टंकलिखित कागद अशा वेगवेगळ्या कुलपांत बंद झालं.

ही कुलपं उघडणारे परिवर्तक आज भरपूर आहेत. पण चांगला परिवर्तक आणि कामचलाऊ परिवर्तक यांतला फरक 'गेवराई'वर कळतो. कामचलाऊ परिवर्तक इ आणि रफार वेगळे समजतो, आणि तालुक्याच्या नावाच्या शेवटी आगंतुक 'र्' चिकटवून ठेवतो. 'आष्टी'त तो अ आणि काना सुटे ठेवतो. काही प्रणाली अशा सुट्या कान्याआधी ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात, तेवढाच काय तो इशारा. काही दाखवतही नाहीत, आणि मग आष्टी दिसते, पण शोधली तर सापडत नाही.

इन्स्क्रिप्टची शिस्त

पळवाटेच्या जोडीनं एक सरळ रस्ताही बांधला जात होता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये सर्व भारतीय लिपींसाठी एक समान मांडणी ठरवली, तीच इन्स्क्रिप्ट. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं 'इस्की' हे संकेतमानक इन्स्क्रिप्टसह स्वीकारलं. युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया इस्कीच आहे. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा 'मंगल' फॉन्ट आला. तो रेखणारे र. कृ. जोशी हे सुलेखन आणि अक्षररेखनातलं मोठं नाव. त्यानंतर साध्या संगणकावरही खरी मराठी लिहिता येऊ लागली. केंद्र सरकारनं २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवलं.

इन्स्क्रिप्टमध्ये डावा हात स्वरांचा, उजवा हात प्रामुख्यानं व्यंजनांचा. क्रम उच्चाराचा : आधी व्यंजन, मग वेलांटी, ती दिसायला डावीकडं असली तरी. 'कर्म' म्हणजे क, र, हलन्त, म. जोडाक्षर हलन्तानं होतं, अर्धे ठसे नाहीत. इथं डेड की लागतच नाही, कारण अक्षर आधी येतं आणि चिन्ह नंतर येऊन त्याला चिकटतं. युनिकोडचा आणि व्हिएतनामी टेलेक्सचा क्रमही हाच.

'बीड' इथं वाय, आर आणि पीच्या उजवीकडची चौकटी कंसाची कळ. कळांची जागा ठरलेली असते, त्यांच्यावर काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून जर्मनीत शिकणारा बीडचा विद्यार्थी तिथल्या कीबोर्डवर आपल्या गावाचं नाव लिहितो तेव्हा त्याची बोटं झेड, आर आणि दोन टिंबांच्या यू या छापील अक्षरांवर पडतात. पॅरिसमध्ये तर 'ड' नेमका टोपीच्या डेड कीवर येतो. मराठी मांडणी निवडलेली असली की ती कळ निमूटपणे ड देते.

रेमिंग्टनच्या बोटांनी युनिकोड लिहायचं असेल तर तेही जमतं. आयएसएम आणि इंडिक इनपुटसारख्या साधनांनी ती सोय दिली. इथं डेड की मागच्या दारानं परत येते. टंकलेखक ऱ्हस्व वेलांटी आधी दाबतो. सॉफ्टवेअरला ती लगेच साठवून चालत नाही, व्यंजन येईपर्यंत धरून ठेवावी लागते. रफार शेवटी येतो, तो उचलून व्यंजनाआधी न्यावा लागतो. अर्ध्या ख नंतर काना आला की हलन्त काढावा लागतो. हे सगळं काम चोख झालं तर टंकलेखकाची सवयही राहते आणि फाइलही शुद्ध राहते. न झालं तर वर सांगितलेल्या सगळ्या चुका युनिकोडमध्येही शिरतात.

एका शब्दाचं शवविच्छेदन

आता 'शेतकऱ्यांना' हा शब्द उघडून पाहू. बीडसारख्या शेतीवर आणि ऊसतोडीवर जगणाऱ्या जिल्ह्यात पीकविमा, अनुदान, कर्जमाफी यांच्या कोणत्याही कागदावर तो असतोच. त्यातला य ला डावीकडून चिकटलेला लहानसा आडवा र हे मराठीत नेहमी लागणारं चिन्ह. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनांत त्याची आबाळ होते. रफार आणि हा र एकच नव्हेत. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. कुऱ्हाड, पऱ्हाटी, गोऱ्हे, कर्मचाऱ्यांना या सगळ्यांना तो लागतो.

युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे साठतो. पहिला प्रकार : टिंबाचा ऱ, मग हलन्त, मग य. या ऱचा संकेत ०९३१. इन्स्क्रिप्टमध्ये तो र च्याच कळेवर शिफ्ट धरून मिळतो, आणि 'शेतकऱ्यांना' अकरा दाबांत पुरा होतो. दुसरा प्रकार : साधा र, हलन्त, मग 'शून्यरुंदी जोडक' नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. या जोडकाचा संकेत २००डी. तिसरा प्रकार : साधा र, मग सुटा नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब, मग हलन्त, मग य.

पडद्यावर तिन्ही एकसारखे. पहिला आणि तिसरा युनिकोडच्या नियमानं समान आहेत, अगदी तिरक्या रेघेच्या ई सारखे, आणि नॉर्मलायझेशन केलं की एक होतात. दुसरा मात्र कधीच होत नाही. न दिसणारा जोडक त्यात राहतो, आणि काही फॉर्म किंवा सॉफ्टवेअर अनोळखी चिन्ह म्हणून तो गाळून टाकतात. मग रफार उभा राहतो आणि 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. मराठी संकेतस्थळांवर ही चूक जिथं तिथं दिसते. लिहिणाऱ्याला दोष दिला जातो, पण त्यानं बहुधा बरोबरच लिहिलेलं असतं.

युनिकोडच्या प्रमाणग्रंथात पहिला प्रकार हा मुख्य नियम आहे, आणि जोडकाचा प्रकार जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवला आहे. म्हणजे योग्य काय हे कधीच ठरलेलं आहे. ते अमलात आणायचं राहिलं आहे.

'ॲ'चं दुखणं याहून वाईट. वकिलांच्या पाट्यांवरचा 'ॲड.', मोबाइलमधला 'ॲप', कार्यालयातला 'ॲडव्हान्स' हे शब्द रोजचे. शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात या स्वराला स्थान दिलं. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवत, काहीजण हिंदीतला ए वर चंद्र असलेला स्वर वापरत. आजही तिन्ही चालू आहेत. इथं नॉर्मलायझेशनही मदतीला येत नाही, कारण युनिकोड या तिन्हींना समान मानत नाही. जुळवणी आपल्यालाच करावी लागते.

मोडी आणि उर्दू

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळं इथले जुने महसुली कागद उर्दूत आणि मोडीतही आहेत. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा या कागदांचा धांडोळा सुरू झाला आणि मोडी-उर्दू वाचकांना एकाएकी मागणी आली.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण जागा मिळणं आणि लिहिता येणं यांत अंतर आहे. मोडी टाइप करणारे हात विरळा, त्यामुळं नोंद उतरवायची ती देवनागरीतच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद सहसा पाळलेला नसतो. एकच नाव एक वाचक दीर्घ उतरवील, दुसरा ऱ्हस्व. दोघंही बरोबर. शोधताना मात्र दोन माणसं तयार होतात. उर्दूत ऱ्हस्व स्वरांची चिन्हं बहुतेकदा लिहितच नाहीत, म्हणून तिथून देवनागरीत येताना अंदाज आणखी वाढतो. एखाद्या कुटुंबाचा दाखला अशा एका वेलांटीवर अडू नये, यासाठी शोधाची यंत्रणाच सैल हवी, ऱ्हस्व-दीर्घाकडं काणाडोळा करणारी.

अंगठ्यावर आलेली मराठी

नव्या पिढीची मराठी मोबाइलवर लिहिली जाते. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रानं २०१३ मध्ये 'स्वरचक्र' आणलं. त्यात व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती त्याची बाराखडी चक्राकार उघडते आणि हवी ती मात्रा त्या दिशेला बोट सरकवून घेता येते. लिपीचं व्याकरण कीबोर्डाच्या रचनेत उतरवण्याचा हा चांगला प्रयत्न होता. बहुसंख्य लोक मात्र इंग्रजी स्पेलिंगवरून लिप्यंतर करणाऱ्या कीबोर्डावर गेले. मायक्रोसॉफ्टनंही २०१९ मध्ये विंडोजमध्ये मराठी फोनेटिक दिला.

लिप्यंतराचा फायदा उघड आहे, शिकावं काहीच लागत नाही. तोटा असा की तो अंदाज असतो. 'शेतकऱ्यांना' नेहमीचा शब्द म्हणून बरोबर येतो. वाडीवस्तीचं नाव, शेताचं नाव, आडनाव आलं की अंदाज चुकतो, आणि ड-द, न-ण, ल-ळ यांची अदलाबदल होते. सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर नाव आणि आडनाव मराठीत टाकून शोधायची सोय आहे. तिथं तलाठ्यानं एका पद्धतीनं लिहिलेलं आणि शेतकऱ्यानं मोबाइलवरून दुसऱ्या पद्धतीनं टाकलेलं नाव समोरासमोर येतं. दोघांच्या साठवणीची जुळणी यंत्रणेनं आधीच करून ठेवली नसेल, तर दोष कुणाच्याच टायपिंगचा नसताना उत्तर 'नोंद आढळली नाही' असं येऊ शकतं.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या अभ्यासकांची अडचण वेगळी. निजामकाळी 'भीर', मग कधी 'बिड', आता 'बीड' असं ज्या गावाचं इंग्रजी रूप बदलत आलं, ते शास्त्रीय पद्धतीनं लिहायचं तर आयवर आडवी रेघ आणि डीखाली टिंब हवं. मॅकवर 'एबीसी एक्स्टेंडेड' मांडणीत ऑप्शन धरून ए, मग आय दाबला की पहिलं मिळतं, ऑप्शन धरून एक्स, मग डी दाबला की दुसरं. म्हणजे देवनागरीत डेड कीपासून सुटलेला मराठी माणूस रोमन लिपीत तिच्याच हवाली होतो.

मग करायचं काय?

सगळ्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावं, हा आग्रह तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे. नव्यानं शिकणाऱ्यानं तीच शिकावी, कारण तिचा क्रम आणि साठवणीचा क्रम एक आहे. पण पन्नाशीतल्या टंकलेखकाची बोटं मोडून नवी बसवण्यात कुणाचंच हित नाही, आणि मोबाइलवरच्या पोराला कळांचा तक्ता पाठ करायला लावणंही व्यवहार्य नाही. वर पाहिलेल्या युरोपीय समाजांनीही हा प्रश्न एका मांडणीच्या सक्तीनं सोडवलेला नाही. पोलंडमध्ये लोकांनी आपणहून निवड केली, फ्रान्स अजून निवडतो आहे, आणि दोघांची कागदपत्रं तरीही नीट शोधता येतात. कारण बोटांना मोकळीक आणि साठवणीला शिस्त, हा नियम तिथं पाळला जातो.

आपल्याकडं नेमकं उलटं झालं आहे. टायपिंगच्या परीक्षेत वेग काटेकोर मोजला जातो, पण साठलेला शब्द शोधता येईल अशा रूपात आहे का, याकडं लक्ष जायला हवं तितकं जात नाही. मिनिटाला तीस शब्दांच्या जोडीला ऱ्य, ॲ, आ आणि ई हे चार तपासण्याइतका प्रश्न परीक्षेत आला, तर टायपिंग क्लास ते आपोआप शिकवू लागतील. क्लासवाले परीक्षेत येतं तेच शिकवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

बाकीचं काम शासनाचं. मराठी भाषा विभागानं एका परिपत्रकानं ठरवावं की शासकीय नोंदींत ऱ्य हा टिंबाच्या ऱनंच साठवायचा, ॲ एकाच संकेतानं, आ आणि ई सुट्या तुकड्यांतून नव्हे. जुन्या नोंदी एकदा त्या रूपात फिरवून घ्याव्यात, आणि नावांच्या शोधात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक माफ करावा. हे बदल मराठी मजकुरात यांत्रिकपणे करता येतात, आणि त्यांसाठी बीड जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांतल्या एकाही लिपिकाला नवा कीबोर्ड शिकावा लागणार नाही.